दारातली चालती गाडी

काकाजींनी मला खोली दाखवण्याआधी गाडी दाखवली. मलकापूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी नुकताच लागलो होतो आणि वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने मिळते असं ऐकून त्यांच्या फाटकाशी उभा होतो. पाणी किती वेळ येतं, असं मी विचारलं. त्यावर "या" एवढंच म्हणून ते मला अंगणातल्या पत्र्याच्या शेडकडे घेऊन गेले. आत दोन लांबलचक गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक काळी आणि एक चंदेरी. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या मोठ्या माणसांच्या दारात जवानी काढून उतारवयात वऱ्हाडात आलेल्या.

"ही जर्मन," काळीच्या बॉनेटवरची नसलेली धूळ पुसत ते म्हणाले. चंदेरीकडे त्यांनी नुसती हनुवटी वळवली. "आन् ते जपानी."

"छान आहेत," मी म्हणालो. "खोली?"

"खोली काय, चार भिंती. त्या कुठी पळून राह्यल्या?"

पुढची काही वर्षं मी त्या चार भिंतींत राहिलो, आणि माझे बरेचसे रविवार खालच्या अंगणात काय चाललंय ते बघण्यात गेले. पाणी एक दिवसाआड यायचं, हे मला राहायला आल्यावर कळलं.

गाड्यांच्या कंपनीचं नाव काकाजींच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. काकू जशा काकाजींचं नाव घेत नसत, तसंच ते. कोणी खोदून विचारलंच, तर "समोर लिहेल हाय, वाचता येते ना" असं म्हणायचे. नाव घेतलं की नजर लागते आणि नजर लागली की गिअरबॉक्स जातो, असा त्यांचा पक्का समज होता. गिअरबॉक्स तसाही एकदा गेलाच होता, पण तेव्हा नाव शेजाऱ्याने घेतलं होतं.

माणूस उंच, शिडशिडीत, पांढरा पायजमा, वर बंडी आणि बंडीच्या खिशात कायम एक पिवळं फडकं. आयुष्यभर कापसाचा व्यापार केलेला. व्यापार सोडला होता, पण बोटांची सवय सुटली नव्हती. बोलता बोलता दोन्ही हातांच्या चिमटीत नसलेली रुई धरून ते तिचा धागा ओढून बघत राहायचे. समोर माणूस असो की गाडी, आधी धागा किती लांब ते बघायचं.

मला तेव्हा एखादी जुनी गाडी घ्यायची हौस होती. हे त्यांना सांगितलं, ती चूक झाली. त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली.

"सर, ऐका. जर्मन म्हंजे लांब धाग्याचा कापूस. तलम. हात लावला का माणूस येडा होते. पन जितक्या किडी हायेत दुनियेत, तितक्या तिच्यावर. फवारनी चुकली का गेलं पीक. आन् जपानी म्हंजे आपला देशी कापूस. धागा आखूड, पन पाऊस येवो न येवो, बोंड धरतेच."

"मग जपानीच बरी की."

"बरी हाय. बरीच हाय नुसती." असं म्हणून ते चंदेरीकडे अशा काही नजरेने बघायचे, की त्या गाडीची मला दया यायची. "बिघडत नाई ते काय वाहन? फर्निचर हाय ते."

पण शिकवणीत खरं ज्ञानही असायचं. जुनी मोठी गाडी स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्याला ते एकच गोष्ट सांगत. "तुम्ही कोन्त्या भावानं घेतली, ते तिले माहीत नसते. ती नवी होती तवा जो भाव होता ना, त्याच तोऱ्यात ती खाते." जर्मन दर महिन्याला काही ना काही मागायची. कधी काच वर जायची नाही, कधी दिवा जायचा, कधी रात्रभरात एक बाजू खाली बसायची आणि सकाळी चालू केल्यावर कुरकुरत उठायची. जपानी वर्षातून एकदा ऑइल पिऊन गप्प. पण एकदा शेजारच्या बकरीने धडक देऊन तिचा मागचा दिवा फोडला, तर तो दिवा मुंबईत मिळेना, दिल्लीत मिळेना. कितीतरी महिने ती एका डोळ्याने हिंडत होती. "पाहा," काकाजी जवळजवळ आनंदाने म्हणाले, "जर्मन रोज मागते, पन तिचं मागनं बाजारात भेटते. हे कधी मागत नाई, आन् मागतलं का दुकानात नाई."

खर्च ते रुपयांत सांगत नसत. कापसात सांगत. समोरचा एक शॉकअप म्हणजे आठ क्विंटल. हेडलाइट, तोही कुर्ल्याच्या भंगारबाजारातला जुना, अडीच क्विंटल. जपानीची सगळ्या वर्षाची सर्व्हिस दोन क्विंटलच्या आत. एकदा त्यांचा एक जुना व्यापारी मित्र चहाला आला होता. त्याने गंभीरपणे विचारलं, "हमीभावानं का खुल्या बाजारानं?" काकाजींनी तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं, "पार्ट वरिजिनल असन तर हमीभावानं."

काकू बुटक्या, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. बोलत तेव्हा नेम चुकत नसे. हे क्विंटलचे हिशेब चालू असताना त्या एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "यायनं इतका कापूस त्या गाडीत घातला, का तिची गादी झाली असती." काकाजी ऐकू न आल्यासारखं करून फडकं शोधायला लागले.

त्यांचा रोजचा नेम मला अजून दिसतो. संध्याकाळी काकू तुळशीशी दिवा लावायच्या, त्याच सुमाराला काकाजी जर्मनच्या बॅटरीची वायर सोडायचे. त्यासाठी लागणारा दहा नंबरचा पाना स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिठाच्या बरणीला टेकून उभा असे. वायर सोडायची, पाना पुसायचा, पुन्हा बरणीशी ठेवायचा. सकाळी परत जोडायची. कुठे बाहेर गेले तरी चहा पिण्यापेक्षा जास्त वेळ थांबायचं असेल, तर पाना खिशातून निघालाच. जुन्या जर्मन गाड्या बंद असतानाही आतल्या आत करंट पीत राहतात, असं त्यांनी मला समजावलं होतं. ते खरंही आहे. पण त्या पान्यामागची खरी गोष्ट मला काकूंनी सांगितली, वांगी चिरता चिरता.

काकूंचं माहेर चिखली तालुक्यातलं उंद्री. त्यांच्या घराण्यात पोळ्याला लेकी-जावयांना बोलावण्याची पद्धत आहे. जर्मन घेतली त्याच वर्षी बोलावणं आलं. काकाजींचे स्वतःचे बैल केव्हाच विकले गेले होते. मग जावयाने पोळ्यात काय उभं करावं? त्यांनी गाडी उभी केली. आरशांना बाशिंगं बांधली, बॉनेटवर झूल टाकली आणि तोरणाखाली, बैलांच्या ओळीच्या थेट तोंडाशी, नेऊन लावली. मागच्या सीटवर काकू, नव्या साडीत. गावाला कौतुक वाटावं म्हणून इंजिन बंद करून दिवे चालू, रेडिओ चालू, थंड हवाही चालू. पूजा झाली, झडत्या, म्हणजे पोळ्याची गमतीची गाणी, म्हणून झाल्या. पोळा फुटायची, म्हणजे तोरणाखालून बैल घरी सुटायची, वेळ आली आणि काकाजींनी किल्ली फिरवली, तर बॅटरी संपलेली.

"ढकलायची होती," मी म्हणालो.

"ढकलली ना. वीस मानसं लागले. गाडी ऑटोमॅटिक. करंट नाई तर गेर सुटत नाई, आन् गेर सुटत नाई तर चाक फिरत नाई. गावातले सारे बैल तठीच उभे, सर. एक जोडी लावली असती तर वढून काढली असती. पन पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू कोन ठेवन?"

पोळा अडला. मानाची जोडी गाडीच्या पाठीमागे उभी राहून मान हलवत होती. कोणाच्या तरी ट्रॅक्टरमधून बॅटरी काढून आणेपर्यंत गावातल्या एका हजरजबाबी गड्याने तिथल्या तिथे झडती रचून म्हटली:

"बैल चालले घरी पुरनपोळी खायाले,
जावयाची गाडी राह्यली तोरन पाहायाले."

"आन् मी आत," काकू म्हणाल्या. "उतरू तरी कशी? सारं माहेर पाहून राह्यलं होतं." ती झडती उंद्रीत अजून दर पोळ्याला म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. वांग्याच्या फोडी पाण्यात टाकताना त्यांचा हात जरा जोरात पडला.

त्या दिवशी काकू एस.टी.ने परत आल्या. घरी आल्यावर त्यांनी एकच वाक्य ऐकवलं: "दारात दुसरी चालती गाडी हाय तवर मी या गाडीत पाय ठेवनार नाई." तेव्हा दारात दुसरी गाडी म्हणजे जिनिंगच्या कामाची एक खटारा जीप होती. काकू खरंच जीपमधून हिंडायला लागल्या. त्यांची कंबर धरली. आणि मग काकाजींनी जे केलं, त्यासाठी मला तो माणूस आवडतो. जीप विकून टाकली असती तर काकूंना नाइलाजाने जर्मनमध्ये बसावं लागलं असतं. त्यांनी जीप विकली, पण तिच्या जागी काकूंच्या कमरेसाठी जपानी आणली. चौकशी करकरून, कधीही न बिघडणारी अशी. आपल्या वाटेतली धोंड माणसाने इतक्या निवडीने विकत घेतलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

तेव्हापासून काकूंना घेऊन कुठेही जायचं म्हणजे जपानी. ती चालवताना काकाजी जांभया देत. "झोप येते हिच्यात," म्हणत. "काही होतच नाई." मागे काकू शांत बसलेल्या असत. काही न होणं त्यांना पुष्कळ होतं.

अशी बरीच वर्षं गेल्यावर, म्हणजे मी तिथे असतानाच, जर्मनची पंधरा वर्षं भरत आली. पासिंग नव्याने करून घ्यावं लागणार होतं, आणि त्याआधी इतकी डागडुजी होती की काकाजींनी क्विंटल मोजायचं सोडून एकरांत बोलायला सुरुवात केली. एका रविवारी त्यांनी मला सांगितलं, की जळगावचा एक जण पोळा झाल्यावर येऊन गाडी घेऊन जाणार आहे.

"चालवायला?"

"कापायले. पार्ट सुटे करून विकते तो." ते फडक्याने एकच जागा पुसत राहिले. "कोनासाठी करू पासिंग? मी एकटाच बसतो, एकटाच उतरतो. मानसानं गाडी काय सोतासाठी घेतली असते?"

मला खरंच वाईट वाटलं, गाडीपेक्षा त्यांच्या आवाजाचं.

"तुमची काकू एक डाव बसली पायजे होती, सर," ते म्हणाले. "उंद्रीपर्यंत. मंग न्या म्हनलं असतं खुशाल." स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि आत भांड्यांचा आवाज थांबला होता, हे माझ्या लक्षात आलं. त्यांच्या आलं की नाही, माहीत नाही.

पोळ्याला मलाही बोलावणं होतं. सकाळी काकाजींनी नेहमीसारखी जर्मनची वायर जोडली, तिला चालू करून थोडा वेळ घरघरू दिलं, धुऊन पुसून लख्ख केली आणि अंघोळीला गेले. जायचं होतं जपानीने. मी वरून कपडे करून खाली आलो, तेव्हा काकू पिशव्या घेऊन अंगणात उभ्या होत्या, साडी नवी, अंबाडा घातलेला. काकाजी जपानीत बसले. किल्ली फिरवली. काही नाही. नुसतं टिक् सुद्धा नाही.

जपानी कधी बंद पडली नव्हती, त्यामुळे ती बंद पडली की काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. काकाजी उतरले, बॉनेट उघडलं आणि आत वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मी जवळ जाणार, तेवढ्यात त्यांनी बॉनेट धाडकन बंद केलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांची लेक वाचवली आहे. मग काकूंकडे वळून, कोणी गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात ते म्हणाले, "नाई होत. मोठं काम निंघालं."

मी मनात म्हटलं, शाब्बास काकाजी. अंघोळीआधी वायर काढून गेलात.

काकूंनी जपानीकडे बघितलं, जर्मनकडे बघितलं. "दारात चालती गाडीच नाई म्हनल्यावर काय करता," त्या म्हणाल्या. "बसा लागते." आणि त्या बसल्या, मागे नाही, पुढे.

काकाजी पाना घ्यायला आत गेले आणि मोकळ्या हातांनी परत आले. "पाना कुठी ठेवला? बरनीपाशी नाई."

"उशीर होऊन राह्यला," काकू म्हणाल्या. "चला आता."

मोताळ्यापर्यंत काकाजींचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, शाळेत पहिल्यांदा बसवलेल्या मुलासारखे. पुढे राजूरचा घाट लागला. त्यांनी एसी बंद केला, काचा खाली केल्या, आणि एक डोळा रस्त्यावर, एक उष्णतेच्या काट्यावर ठेवला. काटा मध्याच्या जरा वर गेला आणि तिथेच राहिला. काकू मात्र समोरच्या घड्याळांकडे निरखून बघत होत्या.

"ही माजी टिकली हाय का?"

स्पीडच्या काट्याशेजारी एक लाल टिकली चिकटवलेली होती.

"हाव," काकाजी म्हणाले.

"काऊन?"

"तठी एक दिवा लागते. इंजिनचा. जातच नाई. घाबरायले होते त्याच्यानं."

काकूंनी नखाने टिकली काढली. खाली पिवळा दिवा लुकलुकत होता. त्यांनी तो क्षणभर पाहिला, टिकली पुन्हा जागेवर ठेवली आणि अंगठ्याने नीट दाबली. घाट संपला, बुलढाणा आलं, चिखली गेलं. जर्मन पाण्यासारखी चालली होती. मी अशा गाडीत त्याआधी बसलो नव्हतो, आणि लांब धागा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

उंद्रीत पोचलो तेव्हा तोरणाखाली बैल जमायला लागले होते. काकाजींनी यावेळी शहाणपणा करून गाडी पार बाजूला, निंबाच्या सावलीत लावली. इंजिन बंद केलं. आणि त्यांचे हात खिशांवर फिरायला लागले. बंडीचा खिसा, पायजम्याचा खिसा, पुढचा खण. पाना नव्हता. पोळा फुटेपर्यंत काही तास थांबायचं, वायर जोडलेली, आणि समोर तेच तोरण, तेच गाव. लोक ओळखून बघायला लागले होते. कोणीतरी हसत झडतीची पहिली ओळही म्हटली. काकाजींचा चेहरा उतरला.

काकूंनी मांडीवरचा बटवा उघडला. आतून रुमाल काढला, रुमालाची गाठ सोडली आणि दहा नंबरचा पाना त्यांच्या हातावर ठेवला.

"वायर सोडा आन् या लवकर," त्या म्हणाल्या. "पोळा फुटून जाईन." आणि पदर सावरून त्या भावाच्या बैलांकडे निघाल्या.

काकाजींनी पान्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हंजे जपानीची वायर तुम्ही नव्हती काढली?"

"मी? मला वाटलं तुम्हीच."

दोघंही काकूंच्या पाठीकडे बघत राहिलो. त्या गर्दीत शिरल्या होत्या आणि कोणाला तरी मागे हात करून, गाडी कुठे लावली ते दाखवत होत्या. काकाजींनी पिवळं फडकं काढलं. गाडी पुसायला काढलं असं मला वाटलं, पण त्यांनी ते डोळ्यांना लावलं.

जळगावच्या माणसाला येऊ नको म्हणून सांगितलं गेलं. पासिंग झालं. किती क्विंटल लागले ते काकाजींनी कोणाला सांगितलं नाही. जपानीची वायर जोडायला एखादं मिनिट पुरलं असतं. पण ती त्यांनी जोडली नाही, आणि काकूंनीही कधी विचारलं नाही. पुढे माझी बदली झाली.

मागच्या वर्षी त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम घरी डोकावलो. काकाजी जर्मनखाली झोपून काहीतरी ठोकत होते, फक्त पाय बाहेर दिसत होते. जपानीवर खोळ घातलेली, खोळीवर मिरच्या वाळत घातलेल्या. मी काकूंना विचारलं, जपानी अजून दुरुस्त झाली नाही का?

काकूंनी मिरच्यांवरून हात फिरवला. "नाई ना," त्या म्हणाल्या. "त्या गाडीचा काही भरोसा नाई, सर."